सहा गणितांचं पान

मुलगी चौथीत असताना सहामाहीत तिला गणितात १९ आणि इंग्रजीत २२ गुण मिळाले, दोन्ही शंभरपैकी. मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. शाळा नवी होती. दिल्लीत यमुनेपलीकडे त्या वर्षांत सहकारी सोसायट्या भराभर उभ्या राहत होत्या आणि दर दोन-तीन सोसायट्यांमागे एक इंग्रजी शाळा निघत होती. आमच्या शाळेच्या दर्शनी भागात काचेमागे दोन कॉम्प्युटर ठेवलेले होते. त्यांना हात लावताना मी कधी कुणाला पाहिलं नाही, पण प्रवेशाच्या वेळी आम्हीही ते बघून खूश झालो होतो, हे कबूल करायला हवं.

"बच्ची बहुत प्यारी है," बाई म्हणाल्या, "लेकिन हमारे यहाँ रफ्तार तेज है. मार्च में दोनों विषयों में चालीस आने चाहिए. नहीं तो चौथी दोबारा, या फिर आप उसके लायक कोई स्कूल देख लीजिए."

'उसके लायक' ऐकल्यावर बायकोनं पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. मी विचारलं, "चालीस सिर्फ लिखित में, या सब मिलाकर?"

"लिखित में."

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "तुम्हाला एवढंच सुचलं विचारायला?"

"आकडा नक्की माहीत असलेला बरा."

म्हणजे गणितात २१ आणि इंग्रजीत १८ गुण वाढायला हवे होते आणि हातात साडेचार महिने होते. मुलीचा हिशेब वेगळा होता. आमच्याच जिन्यातल्या तीन मुली तिच्या वर्गात होत्या. चौघी एका व्हॅननं जायच्या, संध्याकाळी खाली एकत्र खेळायच्या. दुसऱ्या दिवशी जेवताना तिनं विचारलं, "बाबा, व्हॅनमध्ये फोर्थवाले आणि फिफ्थवाले अलग बसतात का?" ती कशाला घाबरली आहे, ते तेव्हा कळलं.

मी केंद्र सरकारच्या एका खात्यात आकडेवारीच्या विभागात होतो. लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून मयूर विहारच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती. सकाळी चार्टर्ड बसनं जायचं, संध्याकाळी सात वाजता परत. माझं काम पाहणीचे भरलेले फॉर्म तपासण्याचं. आमच्याकडे एक पक्का नियम होता. फॉर्ममध्ये एक जरी रकाना चुकला असेल, तरी तो आपण दुरुस्त करायचा नाही. सगळा फॉर्म परत पाठवायचा आणि भरणाऱ्यानं तो पहिल्यापासून पुन्हा भरायचा. फॉर्मसाठी हा नियम उत्तम आहे. त्यानं माणसं काळजीपूर्वक काम करतात. मी तोच नियम घरी लावला.

रोज साडेसात वाजता मुलगी आणि मी जेवणाच्या टेबलावर बसायचो. शाळेच्या पुस्तकातली बारा गणितं तिनं वहीत उतरवून घ्यायची आणि सोडवायची. एक चुकलं तरी सगळं पान पुन्हा लिहायचं. चुकांचा आकडा मी आलेख-कागदावर मांडत असे आणि तो कागद फ्रिजच्या बाजूला चिकटवला होता.

"ती काय तुमचा फील्डवरचा माणूस आहे?" बायको स्वयंपाकघरातून म्हणायची. "फॉर्म परत, फॉर्म परत! नऊ वर्षांची आहे ती."

"सवय लागेल."

"कशाची?"

सहा आठवड्यांत अडतीस पानं झाली. पहिल्या आठवड्यात पानामागे सरासरी तीन चुका होत्या, सहाव्या आठवड्यात सहा. मी त्यावरून सराव कमी पडतो आहे असा निष्कर्ष काढला. ऑफिसात एखाद्या कनिष्ठानं अशा आकड्यांवरून असा निष्कर्ष काढला असता, तर मी त्याची टिपणी लाल शेरा मारून परत पाठवली असती.

डिसेंबरात एके दिवशी वही सापडेना. मुलगी म्हणाली, शाळेत राहिली. दुसऱ्या दिवशीही शाळेतच राहिली. तिसऱ्या दिवशी बायको बाल्कनीतल्या कूलरवर जुनी चादर नीट बांधायला गेली, तर कूलरच्या रिकाम्या टाकीत वही होती. थंडीत कूलरकडे दिल्लीत कुणीही बघत नाही, हे मुलीला बरोबर माहीत होतं. वहीची शेवटची पानं खोडरबरानं घासून घासून फाटली होती. एका पानाला आरपार भोक होतं.

मी ओरडणार होतो. बायको म्हणाली, "अहो, आज काही बोलू नका. उद्या रजा टाका." त्या स्वरात ती वर्षातून एखाद-दोनदाच बोलते.

रजेच्या दिवशी आम्ही मुलीला एका सरकारी रुग्णालयाच्या बालमार्गदर्शन विभागात नेलं. डोळे तपासले, कान तपासले, आणखी काही चाचण्या झाल्या. डोळे-कान ठीक. बुद्धी वयाला साजेशी. अक्षरं आणि आकडे ओळीनं, क्रमानं वाचताना आणि उतरवताना तिला अडचण येते, आणि ती सौम्य प्रकारची आहे, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं आणि तसं कागदावर लिहूनही दिलं. "औषध नाही. शिकवायची पद्धत बदला," त्या म्हणाल्या. पद्धत कोणती, हे सांगायला त्यांना वेळ नव्हता. बाहेर रांग होती.

ती पद्धत समोरच्याच ब्लॉकमध्ये तळमजल्यावर राहत होती. एका निवृत्त पंजाबी बाईंनी अशा मुलांना शाळेत बरीच वर्षं शिकवलं होतं आणि आता त्या घरी चार मुलं घेत. सगळी सोसायटी त्यांना टीचरजी म्हणायची. बायकोची त्यांच्याशी भाजीच्या ठेल्यावर ओळख होती. रविवारी सकाळी आम्ही तिघं त्यांच्याकडे गेलो. मी आलेखाचा कागद फाइलमध्ये घालून नेला होता. त्यांनी चष्मा लावून तो पहिल्या बिंदूपासून शेवटच्या बिंदूपर्यंत बघितला.

"बड़ा साफ काम है, भाईसाहब. सरकारी नौकरी?"

"जी."

"गलतियाँ तो सारी गिन लीं. सही कितने थे?"

मी तो रकानाच केला नव्हता. म्हणालो, "घटाने से निकल आएगा."

"घटाइए मत, देखिए. कौन सा सही है, पन्ने पर कहाँ है. और ये जो पूरा पन्ना दोबारा लिखवाते रहे, उससे बच्ची ने क्या सीखा?"

"ध्यान देना."

"ना जी. उसने सीखा कि कॉपी कूलर में रखते हैं."

मुलगी फस्सकन हसली. कूलरचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी बायकोकडे बघितलं. बायको भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

टीचरजींनी मला घरचा अभ्यास दिला: पुढच्या रविवारी सगळ्या वह्या पुन्हा तपासून आणायच्या. हे काम मला येतं. अडतीस पानं, प्रत्येकी बारा, म्हणजे ४५६ गणितं. पुन्हा लिहायला लावलेली पानं मी धरली नाहीत, कारण त्यात उत्तर पाठ झालेलं असू शकतं. एकूण चुका १६४ निघाल्या. त्यापैकी पानाच्या वरच्या सहा गणितांत फक्त ३१ होत्या आणि खालच्या सहांत १३३. सहा गणितांपर्यंत मुलगी ठीक चालत होती. त्यानंतर ती थकत होती आणि मी तिला तशीच पुढे ढकलत होतो.

शनिवारी दुपारी, शेवटच्या वहीत, दुसरी गोष्ट दिसली. पुस्तकात ६३ अधिक ४८ होतं. मुलीनं वहीत उतरवलं होतं ३६ अधिक ४८, आणि उत्तर लिहिलं होतं ८४. मी त्यावर लाल फुली मारली होती. पण छत्तीस आणि अठ्ठेचाळीस चौऱ्याऐंशीच होतात. मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि प्रत्येक फुलीखालचं गणित पुस्तकाशी ताडून बघितलं. १६४ चुकांपैकी ७१ गणितं अशी होती, की उतरवताना आकडे उलटले होते किंवा वरच्या ओळीतला आकडा खाली आला होता. जे उतरलं, ते तिनं बरोबर सोडवलं होतं.

मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला दाखवलं.

"म्हणजे तिला येतं," ती म्हणाली.

"येतं."

"मग लाल कशाला केलंत?"

मुलगी दारात उभी होती. मी तिला म्हणालो, "यातली एक्काहत्तर गणितं तू बरोबर सोडवली होतीस. फुल्या मी चुकीच्या मारल्या."

"एक्काहत्तर म्हणजे सेवंटी-वन?"

"हो."

"इतने सारे?" तिनं वही माझ्या हातातून घेतली. "मग आता तुम्ही पूर्ण पान लिहा."

नियम माझाच होता. मी टेबलावर बसून बारा गणितं उतरवली आणि सोडवली. तिनं ती पेन्सिल कानावर ठेवून तपासली आणि माझा एक ७ हा १ सारखा दिसतो असा शेरा दिला. तो तसा दिसत होता खरा. मी पान पुन्हा लिहिलं.

त्या दिवसापासून पानावर सहाच गणितं. मोठ्या चौकटींची वही आणली, एका चौकटीत एक आकडा. त्यामुळे एकं-दहंचे आकडे आपोआप एकाखाली एक येऊ लागले. पुस्तकातून गणित उतरवायचं नाही; आई वाचणार, मुलगी ऐकून लिहिणार, लिहिलेलं परत वाचून दाखवणार, मगच सोडवणार. एका वेळी एकच सूचना. "वही काढ, तारीख घाल, समास आख आणि पाचवं उदाहरण कर" असं मी एका दमात बोलायचो. त्यातलं शेवटचंच तिच्यापर्यंत पोचायचं आणि तारीख का घातली नाहीस म्हणून मी चिडायचो. बोटांवर मोजायला टीचरजींनी मोकळीक दिली. मला ते पटत नव्हतं. त्या म्हणाल्या, "उँगलियाँ किसलिए दी हैं भगवान ने? जब जरूरत नहीं रहेगी, खुद छोड़ देगी." फेब्रुवारीत तिनं बोटांवर मोजणं सोडलं. मला उशिरा लक्षात आलं, म्हणून नेमका दिवस सांगता येत नाही.

अभ्यासाची वेळही बदलली. साडेसातला ती भुकेली असायची आणि मी बसमधून उभ्यानं आलेलो. आता आई पाच वाजता, दूध झाल्यावर आणि खेळायला जाण्याआधी, वीस मिनिटं गणित घेई. वीस म्हणजे वीस. छान चाललं असलं तरी थांबायचं. माझ्याकडे इंग्रजी वाचन आलं, रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं. लग्नाच्या एका जाड आमंत्रणपत्रिकेला टीचरजींनी ब्लेडनं लांबट खिडकी कापून दिली. ती पानावर ठेवली की एकच ओळ दिसायची आणि खालच्या ओळी तिच्या डोळ्यांत घुसायच्या नाहीत. एक उतारा वाचला की तो तिनं स्वतःच्या शब्दांत मराठीत सांगायचा, हिंदी मिसळली तरी चालेल. इंग्रजी वाचताना अडखळणारी मुलगी गोष्ट मात्र नीट सांगायची, वर एखादं पात्र बावळट कसं आहे तेही सांगायची.

सगळंच जमलं असं नाही. रव्यानं भरलेल्या ताटात बोटानं स्पेलिंग लिहायचा प्रकार तिला अजिबात आवडला नाही. "मी बेबी आहे का? मैत्रिणी बघतील." तो बंद केला, त्याऐवजी गच्चीवर खडूनं मोठाली अक्षरं काढायची ठरली, रोज पाच शब्द, आणि तीन दिवसांनी तेच पाच पुन्हा. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सगळं ठीक चाललंय असं बघून मी सहाची आठ गणितं केली. चार दिवसांत चुका दुप्पट झाल्या. टीचरजींनी वहीत सहाव्या गणिताखाली रेघ मारली. मी सहावर आलो. आता मी बरोबर गणितांचा आलेख काढत होतो, आणि तो कागद फ्रिजवर न लावता माझ्या कपाटात ठेवत होतो.

घरी हे झालं, पण वर्गात फळा होता. फळ्यावरचं वहीत उतरवताना तेच उलटेपण होत होतं, आणि वार्षिक परीक्षेत छापील प्रश्नपत्रिकेवरून उत्तरपत्रिकेत उतरवताना ते होणारच होतं. जानेवारीअखेर मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून वर्गशिक्षिकाबाईंना भेटलो. बाई तरुण होत्या, हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा.

"अंकल, मेरे पास अड़तालीस बच्चे हैं," त्या आधीच म्हणाल्या. "एक के लिए अलग से कुछ नहीं कर सकती."

मी त्यांना माझा तक्ता दाखवला. ४५६, १६४, ७१. मग वहीतलं ३६ अधिक ४८ दाखवलं. त्यांनी ते दोनदा बघितलं.

"ये तो सही है."

"जी. मैंने भी काटा था. शायद आपने भी काटा हो."

त्यांनी हातातल्या गठ्ठ्यातून मुलीची वही शोधून काढली आणि उभ्या उभ्या चाळली. चार पानांत तशा सात फुल्या निघाल्या. त्या खुर्ची ओढून बसल्या.

मी मागितलं ते थोडं होतं. पहिला बाक. शेजारच्या मुलीनं फळ्यावरचा प्रश्न हळू आवाजात वाचायचा आणि हिनं लिहायचा.

"फिर नकल नहीं हो जाएगी?"

"सिर्फ सवाल पढ़ेगी, जवाब नहीं. आप दोनों के जवाब मिलाकर देख लीजिएगा."

बाई तयार झाल्या. तिसरी मागणी त्यांच्या हातात नव्हती: वार्षिक परीक्षेत तिनं उत्तरं छापील प्रश्नपत्रिकेवरच लिहावीत, आणि खिडकीचं कार्ड जवळ ठेवू द्यावं. त्यासाठी वर्गशिक्षिकाबाई आणि मी मुख्याध्यापिकाबाईंकडे गेलो. त्यांनी डॉक्टरांचा कागद वाचला.

"इसकी इजाजत दे दी, तो कल को सब माँगेंगे."

मी म्हणालो, "माँगने दीजिए, मैडम. जिसे जरूरत नहीं, उसका इससे एक नंबर नहीं बढ़ेगा. उसके लिए तो वो बस एक फटा हुआ कार्ड है."

वर्गशिक्षिका म्हणाल्या, "मैम, पिछले हफ्ते मैंने इससे जबानी पूछा था. बारह में से दस." हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

मुख्याध्यापिकाबाईंनी कागदावर सही केली. "पर चालीस चालीस ही रहेगा," त्या म्हणाल्या.

"चालीस ही रहना चाहिए," मी म्हणालो. खरंच तसं वाटत होतं. मला गुण वाढवून नको होते. तिला येतं ते कागदावर उतरायला हवं होतं, इतकंच.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी टीचरजींनी अभ्यास घ्यायला मनाई केली. मुलगी मैत्रिणींबरोबर खाली स्टापू, म्हणजे आपल्या ठिकऱ्या, खेळली. गणिताचा पेपर देऊन आल्यावर आईनं विचारलं, "कसा गेला?" ती म्हणाली, "ठीक. एक नाही आला. बाकी जे आले ते आले." मी पुढे काही विचारलं नाही. मला ते जड गेलं.

निकालाच्या दिवशी शाळेत गर्दी होती. आजूबाजूला ब्याण्णव, पंच्याण्णव असे आकडे ऐकू येत होते. एक गृहस्थ अठ्ठ्याण्णव मिळालेल्या मुलाला उरलेले दोन गुण कुठे गेले ते विचारत होते. वर्गशिक्षिकाबाईंनी प्रगतिपुस्तक मुलीच्याच हातात दिलं. तिनं ते उघडलं आणि बोट ओळीवरून सावकाश नेलं. गणित ६१. इंग्रजी ४३. खाली शिक्का: पाचवीत प्रवेश.

इंग्रजीत तीनच गुण जास्त होते. सहामाहीच्या मानानं गणितात ४२ वाढले होते आणि इंग्रजीत २१. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोनं कोपरानं ढोसलं. "बोला ना, छान म्हणा आधी."

"छान," मी म्हणालो. "खूपच छान."

"पक्का?" मुलीनं विचारलं.

"पक्का."

तिघी मैत्रिणी दारात ओरडत होत्या. पाचवीचे वर्ग वरच्या मजल्यावर होते. चौघी जिन्यावरून धावत गेल्या. आम्ही दोघं खाली पाण्याच्या नळाजवळ थांबलो. बायको डोळे पुसत होती आणि धुळीची तक्रार करत होती. धूळ होतीही, समोर शाळेच्या नव्या इमारतीचं काम चाललं होतं.

पंधरा मिनिटांनी मुलगी एकटीच खाली आली.

"बाबा, तिकडचा बोर्ड हिरवा आहे. मोठा आहे. आणि नवीन मॅडम वर्गातच होत्या."

"मग? मी भेटून येतो त्यांना. फाइल आणली आहे."

"नका जाऊ. मी सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"की मला बोर्डवरून लिहिताना नंबर उलटे होतात. मला पहिल्या बाकावर बसवा आणि माझी फ्रेंड प्रश्न वाचेल. पण उत्तर नाही वाचणार."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, अच्छा, ठीक है." तिनं प्रगतिपुस्तक आईच्या पर्समध्ये कोंबलं. "आता चला ना, मला भूक लागली आहे."